दुसऱ्या कार्डावरचं नाव

"तीन महिन्यांत नऊ बहिणी," ग्लेन म्हणाला. "तुमच्याकडे कुटुंबं मोठी असतात, माहीत आहे मला. पण नऊ?"

ग्लेन आमचा स्टोअर मॅनेजर. चिडला की तो आवाज खाली आणतो. त्या शुक्रवारी सकाळी त्याचं बोलणं ऐकायला मला खुर्ची पुढे ओढावी लागली. त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. हेड ऑफिसचा ईमेल होता. आमच्या एका मेंबरने बारा आठवड्यांत नऊ वेळा आपल्या दुसऱ्या कार्डावरचं नाव बदललं होतं. प्रत्येक वेळी नातं एकच, बहीण. आडनावं मात्र नऊ तऱ्हांची. प्रत्येक बहिणीने एकदाच खरेदी केली होती, आणि तीही फूड कार्डावर. कार्ड भाड्याने दिलं जात असल्याचा संशय आहे, मेंबरशिप थांबवा आणि चौकशी करा, असं शेवटी लिहिलं होतं.

मेंबरचं नाव मी दोनदा वाचलं. विद्याताई. ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या एका क्लिनिकमध्ये नर्स, मूळच्या कोल्हापूरच्या. मी स्टुडंट व्हिसावर आलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्या गॅरेजमागच्या खोलीत राहिलो होतो. भाडं घेतलं नव्हतंच, वर डबा दिला होता. अशी बाई कार्ड भाड्याने देईल हे मला पटेना. पण मग या नऊ बहिणी कोण, हेही कळेना.

"ओळखतोस?" ग्लेनने विचारलं.

"ओळखतो."

"मग तूच थांबव. म्हणजे ओळखीवर सोडलं असं कुणी म्हणायला नको."

मी बटण दाबलं. विद्याताईंची मेंबरशिप थांबली.

पुढचं सांगण्याआधी आमचा धंदा थोडा समजावून सांगतो. मी ऑकलंडला, ओटाहुहुजवळच्या गोदामांच्या पट्ट्यात, एका मेंबरशिप वेअरहाऊसमध्ये काम करतो. वेअरहाऊस म्हणजे मोठं घाऊक दुकान. कणीक दहा किलोची, तेल पाच लिटरचं, चिकनचं पाकीट उचलायला दोन हात लागतात. भाव सुपरमार्केटपेक्षा बरेच कमी, पण आत यायला वर्षाची फी भरून मेंबर व्हावं लागतं. एका मेंबरशिपवर दोन कार्डं मिळतात. एक स्वतःचं, दुसरं घरात राहणाऱ्या आणखी एका माणसाचं. टिल, म्हणजे पैसे भरायचं काउंटर, कार्ड स्कॅन केल्याशिवाय उघडत नाही. आणि ज्याचं कार्ड, पैसेही त्यानेच भरायचे. हा आमचा नियम. मी मेंबरशिप डेस्कचा टीम लीडर, म्हणजे हा नियम लोकांना सांगून त्यांच्या शिव्या खाणारा माणूस.

फूड कार्ड ही वेगळी भानगड. एखाद्याच्या घरात खायलाच उरलं नाही, तर इथलं सरकारी ऑफिस त्याला अडीनडीची मदत म्हणून एक प्लास्टिकचं कार्ड देतं. त्यावर ठरावीक रक्कम असते. त्यातून फक्त खाण्याचं सामान घ्यायचं, ठरलेल्या मुदतीत घ्यायचं, आणि ज्याच्या नावाने मंजूर झालंय त्यानेच वापरायचं. हा त्यांचा नियम.

आमच्या स्टोअरने हे कार्ड घ्यायला नुकतीच सुरुवात केली होती. हेड ऑफिसकडून अर्ध्या पानाचा मेमो आला. त्यात लिहिलं होतं की टिलवर मेंबरचं नाव आणि फूड कार्डावरचं नाव एकच असल्याची खात्री करा, आणि पावतीची प्रत जपून ठेवा, सरकारी ऑफिस कधीही तपासायला मागेल. मेमो मी वाचला, डेस्कमागे चिकटवला, आणि सगळं समजलं असं समजून चाललो. मेंबरशिपची फी फूड कार्डावर भरता येत नाही, आणि ज्याच्या घरात खायला नाही तो वर्षाची फी आणणार कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. ज्यांनी मेमो लिहिला त्यांनाही पडला नसावा.

अकराच्या सुमाराला विद्याताई आल्या. बरोबर एक तिशीतली बाई आणि ट्रॉलीत बसलेली सातेक वर्षांची मुलगी. शाळेत शिक्षकांचं ट्रेनिंग होतं म्हणून मुलांना सुट्टी होती. दारावरच्या मशिनने विद्याताईंचं कार्ड लाल दाखवलं आणि त्या सरळ माझ्या डेस्कवर आल्या.

"प्रसाद, हे काय झालंय बघ रे. मशिन बिघडलंय तुमचं."

"मशिन ठीक आहे, विद्याताई. मी थांबवलंय कार्ड."

"तू?"

मी त्यांना ईमेलचा सारांश सांगितला. नऊ बहिणी म्हणताना मला हसू आवरेना, पण त्या हसल्या नाहीत.

"दहावी ही," त्या बरोबरच्या बाईकडे हात करून म्हणाल्या. "स्नेहल. नाशिकची आहे. बोल आता, काय चौकशी करायची ती कर."

मग त्यांनी सगळं सांगितलं. क्लिनिकमध्ये येणारे पेशंट सांगायचे की फूड कार्डाचं सामान आठवड्यात संपतं. त्याच पैशात वेअरहाऊसमध्ये दुप्पट येतं, पण मेंबरशिप नाही. मेंबरने पैसे भरायचे तर फूड कार्ड त्याच्या नावाचं नाही. कार्डवाल्याने भरायचे तर तो मेंबर नाही. विद्याताईंचा मुलगा वेलिंग्टनला गेल्यापासून त्यांचं दुसरं कार्ड रिकामंच होतं. दर शुक्रवारी त्यांना सुट्टी. गाडीत एकीला घालायचं, डेस्कवर नाव बदलून घ्यायचं, सामान घ्यायचं, घरी सोडायचं. नऊपैकी निम्मी नावं माझ्याच डेस्कवर बदलली गेली होती, मी ब्रेकवर असताना.

"पण त्या तुमच्या घरात राहत नाहीत ना," मी म्हणालो.

"तू तरी कुठे माझा कोण होतास?"

माझ्याकडे फक्त नियम होता. मी तो पुन्हा एकदा सांगितला आणि स्वतःलाच जरा लाज वाटली.

स्नेहल हळूच म्हणाली, "ताई, जाऊ दे. मी सुपरमार्केटला जाते. जेवढं येईल तेवढं येईल."

"तेवढ्यात तीन आठवडे निघणार नाहीत," विद्याताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हिला एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये काम लागलंय. पहिला पगार तीन आठवड्यांनी. आधी एका डेकेअरमध्ये कामाला होती, तिथे तास कमी केले, भाडं भरून हातात काही राहिलं नाही. हे कार्ड मिळालंय, त्याचा आज शेवटचा दिवस. लगेच दुसरं देत नाहीत. तर आज या पैशात तीन आठवड्यांचं खाणं आणायचंय, दोन माणसांचं. सोप्पं आहे की नाही?"

मी म्हटलं, थांबा, विचारतो. विचारण्यात माझा हातखंडा आहे. आधी हेड ऑफिसला फोन केला. तिथली मुलगी गोड बोलली. फूड कार्ड आपण घेतो, नक्की घेतो, पण पैसे मेंबरनेच भरायचे, बाकी सरकारी ऑफिसला विचारा. मग सरकारी ऑफिसच्या हेल्पलाइनला लावला. चाळीस मिनिटं गाणी ऐकली. मग 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, असं म्हणत एक गृहस्थ आले, आणि तेही गोडच बोलले. तुमचं स्टोअर आमच्या यादीत आहे, अगदी जाऊ शकते ती, पण पैसे तिनेच भरायचे, दुसऱ्याने नाही. मेंबरशिपचं मला माहीत नाही, तुमच्या हेड ऑफिसला विचारा.

"पण ती मेंबर नाही," मी म्हणालो.

"मग तिला मेंबर करा."

"फी फूड कार्डावर भरता येत नाही."

"हो, ते बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आणखी काही मदत हवी का म्हणून विचारलं.

मी फोन ठेवला. दोघंही बरोबर होते. दोघांच्याही बोलण्यात मला चूक सापडेना. दोघांचे नियम एकमेकांशेजारी ठेवले की मध्ये स्नेहल उभी राहत होती, आणि तिच्यासाठी जागाच उरत नव्हती. असल्या कोड्यापुढे माझ्यासारख्या माणसाने मॅनेजरकडे जायला हवं. पण ग्लेन मीटिंगमध्ये होता. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःच काहीतरी करून दाखवायचं होतं. सकाळी बटण दाबल्याचं मनात खुपत होतं.

आणि मला सुचलं. स्टाफ म्हणून माझी स्वतःची मेंबरशिप आहे. दुसरं कार्ड माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या नावाने. ते एका दिवसापुरतं स्नेहलच्या नावाने केलं, तर ती मेंबर झाली, पैसे तीच भरणार, फूड कार्ड तिचंच. दोन्ही नियम खूश. उद्या नाव परत बदलायचं. आपल्याकडे कुणाला संकोच वाटू नये म्हणून आपण म्हणतोच की, तुम्ही घरच्याच. ते कागदावर एक दिवस लिहिलं तर बिघडलं कुठे, असा माझा हिशेब.

"विद्याताई, तुम्ही दोघी ट्रॉली भरा," मी म्हणालो. "स्नेहल, तुमचं लायसन्स द्या फक्त. पाच मिनिटांत पास करून देतो."

तिने लायसन्स दिलं. कसला पास, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी माझं खातं उघडलं. मंजिरीचं नाव काढताना सिस्टीमने कारण विचारलं. तीनच पर्याय होते. मृत्यू, विभक्त, घर सोडलं. मी त्यातल्या त्यात सभ्य म्हणून घर सोडलं हा पर्याय निवडला. मग स्नेहलचं नाव घातलं. पत्ता माझाच राहिला. नात्याची चौकट राखाडी दिसत होती, तिथे काही निवडता येत नव्हतं. मी म्हटलं, बरंच झालं, खोटं नातं लिहायला नको. कार्डप्रिंटरने घरघर करून एक ताजं कोमट कार्ड बाहेर टाकलं.

तेवढ्यात मंजिरीचा फोन. ती हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, कामात असताना कधीच फोन करत नाही.

"मी घर सोडलं?" ती म्हणाली.

"काय?"

"मला ईमेल आलाय. तुम्ही घर सोडल्याची नोंद झाली आहे, आमच्याबरोबर होता त्याबद्दल आभार. कधी सोडलं मी? सकाळी तर कुकर लावून आले."

"तांत्रिक आहे ते. उद्यापर्यंतच. घरी आल्यावर सांगतो."

"कुठल्या घरी?" तिने विचारलं आणि फोन ठेवला.

मी हसत हसतच टिलकडे गेलो. विद्याताई आणि स्नेहल ट्रॉली घेऊन रांगेत होत्या. कणीक, तांदूळ, तूरडाळीची मोठी पिशवी, तेल, फ्रोजन मटार, चिकन, अंडी. मुलगी, तिचं नाव इरा, सफरचंदांच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. मी कार्ड स्नेहलच्या हातात ठेवलं आणि आता ती काय म्हणते याची वाट बघत उभा राहिलो. उगाच कशाला लपवायचं, मला आभाराची अपेक्षा होती.

स्नेहलने कार्ड नीट बघितलंच नाही, इराने बघितलं. इथे जन्मलेल्या मुलांसारखीच तीही. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. तिला नव्याने वाचता यायला लागलं होतं आणि समोर दिसेल ते ती मोठ्याने वाचत होती. तिने माझं नाव वाचलं. मग आईचं नाव वाचलं. मग त्याखालचा बारीक शब्द अडखळत वाचला, "पार्टनर."

"मम," ती म्हणाली, "आर वी मूव्हिंग टू हिज हाऊस?"

स्नेहलने कार्ड हिसकावून घेतलं. वाचलं. तिने ट्रॉलीचा दांडा धरला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "माझं नाव काढा. आत्ता काढा."

"अहो, एका दिवसाचा प्रश्न आहे. उद्या मी स्वतः..."

"आत्ता."

मला काहीच कळेना. रांगेतले लोक बघत होते. मला वाटलं, परपुरुषाच्या नावाखाली आपलं नाव आलं म्हणून बाईला लाज वाटली. मी समजावायला लागलो की माझी बायको अशी नाही, तिला सगळं माहीत आहे. विद्याताईंनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"गप्प बस. तुला काय वाटलं, मी बायकांच्या नावापुढे बहीण लिहिते ते प्रेमाने? ती एकटी आई म्हणून तिला सरकारचा बेनिफिट, म्हणजे भत्ता, मिळतो. एकटी आई. पुरुषाबरोबर राहते असं दिसलं की तो बंद. आणि तू तिला पार्टनर करून ठेवलंस, तुझ्या पत्त्यावर, छापून."

"पण मी नातं निवडलंच नाही."

"मग छापलं कुणी?"

मी पळतच डेस्कवर गेलो आणि स्टाफ मेंबरशिपचे नियम उघडले. सातवं कलम. कर्मचाऱ्याचं दुसरं कार्ड फक्त त्याच्या जोडीदाराला मिळेल. म्हणून ती चौकट राखाडी होती. सिस्टीमने आत 'पार्टनर' आधीच लिहून ठेवलेलं होतं. मी या डेस्कचा टीम लीडर, आठ वर्षांपासून, आणि हे कलम मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो.

स्नेहल ट्रॉली ढकलत माझ्यामागोमाग आली होती. तिने सांगितलं ते एका दमात सांगितलं. नवरा ब्रिस्बेनला निघून गेला त्याला दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी त्याच्या बँकेचं एक पत्र तिच्या पत्त्यावर आलं. कुणीतरी सरकारी ऑफिसला कळवलं की तो तिथेच राहतो. खात्री होईपर्यंत तिचा बेनिफिट पाच आठवडे थांबला. एका पत्रावरून. "आणि तुमच्या या पावत्या तेच लोक तपासतात ना?" तिने विचारलं.

तपासतात. मेमो माझ्याच पाठीमागे चिकटवलेला होता. त्या कार्डावर खरेदी झाली असती, तर पावतीवर तिचं नाव, माझं नाव आणि मधलं नातं, तिन्ही छापून आलं असतं, आणि ती पावती मीच फाइलला लावली असती. सकाळपासून सगळ्यात मोठी गडबड हेड ऑफिसने केली नव्हती, सरकारी ऑफिसने केली नव्हती. ती मी केली होती, आणि तीही चांगुलपणा करायला जाऊन.

मी तिचं नाव काढायला गेलो. सिस्टीम म्हणाली, घरातील व्यक्ती चोवीस तासांतून एकदाच बदलता येते.

"काय झालं?" स्नेहलने विचारलं.

मी सांगितलं. तिने इराला ट्रॉलीतून उतरवलं, सफरचंदांची पेटी सरळ ठेवली आणि म्हणाली, "चल बाळा." ट्रॉली तिथेच सोडून ती दाराकडे निघाली.

"स्नेहल, थांब," विद्याताई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "जा, तुझ्या त्या मॅनेजरला आण. मीटिंग असू दे नाहीतर काही असू दे."

मी आयुष्यात पहिल्यांदा ग्लेनच्या मीटिंगचं दार न वाजवता उघडलं. चालता चालता त्याला सगळं सांगितलं, मंजिरीच्या घर सोडण्यासकट. तो एकदाही थांबला नाही, आणि त्याचा आवाज इतका खाली गेला की मला ओठांवरूनच कळत होतं. दाराजवळ स्नेहल उभी होती. विद्याताई दारातच अशा उभ्या होत्या की तिला जायला जागा नव्हती.

ग्लेनने स्नेहलची माफी मागितली. मग मला विचारलं, "गेल्या महिन्यात नेटवर्क गेलं तेव्हा काय केलं आपण?"

"तुझ्या किल्लीने टिल उघडले. मेंबर नंबर कागदावर लिहून घेतले."

"ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं त्यांचं?"

"नंतर तपासू, असं लिहिलं."

"तपासलं?"

"नाही."

"मग चार नंबर बिघडलाय," ग्लेन म्हणाला. त्याने खिशातून किल्ली काढली, चार नंबरच्या टिलवरचा दिवा बंद केला आणि टिल उघडला. ना मेंबरशिप, ना दुसरं कार्ड, ना नातं. त्याने स्नेहलचं लायसन्स आणि फूड कार्ड शेजारी धरून नाव जुळवलं, आणि इथे झकासला म्हणतात तसं म्हणाला, "स्वीट अ‍ॅज."

स्नेहल लगेच पुढे आली नाही. "पावतीवर काय येणार?" तिने मला विचारलं. मला नाही, ग्लेनला विचारायला हवं होतं, पण प्रश्न मराठीत होता. मी ग्लेनला विचारून अंड्यांचा एक ट्रे स्कॅन करून दाखवला, पावती छापली, तिच्या हातात दिली. तिने वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. फक्त अंडी होती. मग तिने ट्रॉली ओढली.

सामान रकमेत बसलं, फूड कार्ड चाललं. टूथपेस्ट खाण्यात मोडत नाही म्हणून मशिनने नाकारली, ती विद्याताईंनी घेतली. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम होतं. त्याआधी मी तासभर फोनवर घालवला होता, आणि किल्ली त्या सबंध वेळात ग्लेनच्या खिशात होती.

पण नाव राहिलंच. ग्लेनने हेड ऑफिसला कळवलं. त्यांनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी नाव काढता येईल, पण जुन्या नोंदीत ते दिसत राहील. नोंदच पुसायची तर अर्ज, कारण, दोन सह्या. स्नेहल रोज दुपारी बारा वाजता मला मेसेज करायची. एकच शब्द, "झालं?" मी रोज लिहायचो, नाही अजून. पाचव्या दिवशी ती डेस्कवर आली आणि म्हणाली, "तोपर्यंत मला लिहून द्या."

म्हणून मी लिहून दिलं, स्टोअरच्या लेटरहेडवर, ग्लेनच्या परवानगीने. ही बाई माझी जोडीदार नाही. ती माझ्या घरी कधीही राहिली नाही, एक रात्रसुद्धा नाही. तिचं नाव माझ्या कार्डावर मी तिला न सांगता घातलं. चूक पूर्णपणे माझी आहे. खाली सही केली.

तिने वाचलं आणि म्हणाली, "तुमच्या मिसेसची पण सही आणा. नुसती तुमची कोण मानेल?"

मंजिरीने कागद स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून वाचला. ती त्या आठवड्यात माझ्याशी जरा जपूनच बोलत होती. तिने सही केली आणि विचारलं, "तिला फोन केलास का, घाबरू नको म्हणून?"

"लिहून दिलंय ना सगळं."

"ते ऑफिससाठी. तिला काय?"

फोन शेवटी मंजिरीनेच केला. अर्धा तास दोघी बोलल्या. काय बोलल्या ते मला सांगण्यात आलं नाही.

अकराव्या दिवशी नोंद पुसली गेली. सरकारी ऑफिसने त्या महिन्याच्या पावत्या मागितल्याच नाहीत, म्हणजे कदाचित काहीच झालं नसतं. किंवा झालं असतं. मला लेखी ताकीद मिळाली, आणि ती योग्य होती. मंजिरीचं नाव परत घालताना सिस्टीमने परत येण्याचं कारण विचारलं, आणि मी इतर निवडलं. विद्याताईंची मेंबरशिप परत सुरू झाली, पण त्यांना दुसरं कार्ड मिळणार नाही असं ठरलं. त्या अजूनही शुक्रवारी कुणालातरी घेऊन येतात. मी ग्लेनला बोलावतो, तो किल्ली घेऊन येतो. हे नियमात बसतं की नाही, असं त्याने हेड ऑफिसला लेखी विचारलंय. बघतो, असं उत्तर आलंय. नियम नक्की काय आहे, हे मी या डेस्कवर बसून आजही सांगू शकत नाही.

स्नेहलचा पगार सुरू झाला. मी दिलेला कागद परत मागितला, म्हटलं आता काय उपयोग. ती म्हणाली, राहू दे, माझ्याकडेच बरा आहे. नंतर विद्याताईंकडून कळलं की तिने तो भाड्याच्या करारपत्राच्या आणि इराच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये लावून ठेवलाय.

नव्या मुलांना ट्रेनिंग देताना मी आता हे सांगतो. आपल्या सिस्टीममध्ये एखाद्याला कुणाच्या घरात घालायला एक मिनिट लागतं, आणि बाहेर काढायला अकरा दिवस. त्या एका मिनिटात त्याला विचारा. मला तिचं लायसन्स मागायला सुचलं होतं, हे सुचलं नव्हतं.